चैत्र यात्रेआधी अल्बम: एका मराठी चित्रपटाच्या गाण्यांच्या प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी २०२४

चित्रपट १० मेला लागणार. गाणी पाच, एकूण २२ मिनिटे ४० सेकंद. त्यातले गाणे ३ जोतिबाचे. चैत्र पौर्णिमा यंदा २३ एप्रिलला आहे, म्हणजे वाडी रत्नागिरीवर, जोतिबाच्या डोंगरावर, सासनकाठ्या (देवाच्या मानाच्या उंच काठ्या) चढायच्या आत हे गाणे लोकांच्या फोनमध्ये पोचायला हवे. यात्रा उलटली की पुढच्या खेट्यांपर्यंत (माघातल्या रविवारच्या वाऱ्या) त्याला कोण विचारतो?

उलटी मोजणी केली. स्पॉटिफायसारख्या मंचांवर गाणी चढवून देणारा वितरक सगळा माल हातात पडल्यापासून तीन आठवडे मागतो. गाणे ३ एकटे ५ एप्रिलला काढायचे, तर देण्याची तारीख १५ मार्च. पूर्ण अल्बम १९ एप्रिल. त्याची देण्याची तारीख २८ मार्च, कारण २९ ला गुड फ्रायडे आहे. प्रकाशनाच्या दोन्ही तारखा शुक्रवारच्या.

माल म्हणजे डब्ल्यूएव्ही फाइली, मुखपृष्ठ, गाण्यांचे शब्द, नावांची यादी, आणि हे सगळे आपलेच आहे याचा कागद. पहिल्या चार गोष्टी पंधरा दिवसांत होतात. वेळापत्रक अडते ते पाचवीमुळे.

१० फेब्रुवारी

करार तपासले. संगीतकाराचा करार नोव्हेंबर २०२२ चा, दोन पानी, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर. ‘सर्व हक्क निर्मात्याकडे राहतील’ एवढे एकच वाक्य. एवढ्यावर भागत नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ प्रमाणे हस्तांतरणाच्या कागदात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि रॉयल्टी किती हे लिहावे लागते. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गाणे स्पॉटिफायवर चढवणे म्हणजे जगभर चढवणे. आपल्या कागदाप्रमाणे दुबईतल्या माणसाला ते ऐकवायचा हक्क आपल्याकडे नाही, आणि नोव्हेंबर २०२७ नंतर इथल्या माणसालाही नाही.

आणखी एक खोच आहे. हक्क घेतल्यापासून वर्षभरात वापरला नाही, तर उलट काही लिहिलेले नसताना तो हक्क आपोआप परत जातो. गाणी चित्रीकरणात वापरली, पण ध्वनिमुद्रण म्हणून अजून बाहेर आलेली नाहीत. वापर झाला की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा नवा कागद करावा, असे वकिलांचे मत. संगीतकार आणि गीतकार दोघांचे पुरवणी करार: मुदत कॉपीराइट असेतोवर, प्रदेश जगभर, एक वर्षाची अट लागू नाही, गाण्यांची यादी सोबत.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराच्या रॉयल्टीचा हक्क काढून घेता येत नाही. थिएटरात चित्रपटासोबत वाजते तेवढे सोडून बाकी प्रत्येक वापरात त्यांचा समान वाटा राहतो. ‘एकरकमी दिले, विषय संपला’ हे वाक्य जुन्या नमुन्यातून उतरलेले होते. ते खोडले. ठेवले असते तरी कोर्टात उभे राहिले नसते.

१३ फेब्रुवारी

कोणामार्फत काढायचे? तीन वाटा आहेत. एक, म्युझिक कंपनीला कायमचे हक्क विकणे. दोन, ठरावीक वर्षांचा परवाना देणे. तीन, हक्क स्वतःकडे ठेवून वितरकामार्फत टक्केवारीवर चढवणे. पहिल्या वाटेत जाहिरातीचे बळ मिळते आणि गाणे हातातून जाते. मोठे नाव नसलेल्या मराठी चित्रपटाला मिळणारी रक्कम ऐकली की गाणे विकावेसे वाटत नाही. तिसरी वाट धरली. कागदाची आणि तपासणीची सगळी जबाबदारी त्यामुळे आपल्या डोक्यावर आली आहे, ही नोंद ठेवण्याचे कारण तेच.

संगीतकार जीएसटीत नोंदलेला नाही. संगीतकाराने निर्मात्याला कॉपीराइट दिला की कर उलट्या पद्धतीने निर्मात्यालाच भरावा लागतो. लेखापालांना कळवले.

१५ फेब्रुवारी

वादक आणि गायकांची संमतीपत्रे. हलगी, घुमके (चर्मवाद्य) आणि कैताळ (झांज) मिळून चार जण. त्यांच्या पावतीवर फक्त ‘रेकॉर्डिंग मानधन’ एवढेच. सादरकर्त्याचा हक्क कायद्याने वेगळा आहे, म्हणून एकपानी मराठी संमतीपत्र केले: कोणत्या तारखेचे वादन, कोणत्या गाण्यात, चित्रपट आणि अल्बम दोन्हींसाठी, नाव कसे छापायचे. सही घेण्याआधी वाचून दाखवले. ‘नाव कसे छापायचे’ हा रकाना नसता तर घुमकेवाल्यांचे नाव चुकीचेच गेले असते. आधार कार्डावर एक आहे, ताफ्यात सगळे दुसऱ्याच नावाने ओळखतात.

गाणे २ मध्ये कच्च्या आवाजाच्या (नमुन्यापुरत्या गायलेल्या) दोन ओळी कोरसखाली तशाच राहिल्या आहेत. तो गायक यादीत नव्हता. त्याचीही सही घेतली.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. काम बंद.

२१ फेब्रुवारी

मास्टरिंगहून, म्हणजे तयार मिश्रणावर शेवटचा हात फिरतो तिथून, पाचही फाइली आल्या. गाणे ४ ऐकताना ठेका जड वाटला. पेटी घेऊन बसल्यावर उलगडा झाला. गाणे काळी चारमध्ये गायलेले आहे, फाइलमधला सा काळी तीन आणि पांढरी पाचच्या मधे कुठेतरी लोंबकळतोय. लांबी पाहिली: मूळ मिश्रण ४ मिनिटे १२ सेकंद, मास्टर ४ मिनिटे ३४ सेकंद.

हिशेब सरळ आहे. चित्रपटाचे काम ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेऊन, चालते. ही फाइल कुठल्यातरी टप्प्यावर रूपांतर न होता ४४.१ चे लेबल लावून उघडली गेली. २५२ सेकंद गुणिले ४८ भागिले ४४.१ म्हणजे २७४ सेकंद, आणि सूर जवळपास दीड अर्धस्वराने खाली. बाकी चार बरोबर आहेत, म्हणून चूक एकाच सेशनची. मास्टरिंगवाल्यांनी गाणे ऐकले, पण मूळ मिश्रणाशी ताडून पाहिले नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते फक्त ‘संथ गाणे’ वाटते.

इथून पुढचा नियम: प्रत्येक फाइलची लांबी मिलिसेकंदापर्यंत मूळ मिश्रणाशी जुळवायची, आणि पेटीवर सा धरून बघायचा. पाच मिनिटांचे काम आहे.

गाणे ५ ची वेगळीच तऱ्हा. मास्टरिंगला गेलेली मूळ फाइल व्हॉट्सअॅपवरून आलेली एमपी३ निघाली. स्पेक्ट्रममध्ये १६ किलोहर्ट्झच्या वर सपाट अंधार, म्हणजे वरचा आवाज कापलेला. नाव मात्र ‘फायनल_फायनल२’. मूळ सेशनमधून पुन्हा बाउन्स (तयार फाइल) मागवला, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ.

२४ फेब्रुवारी

आवाजाची पातळी. गाणे ३ चे मास्टर उणे ८.५ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) दाबलेले. स्पॉटिफाय आणि यूट्यूब उणे १४ च्या आसपास आणून वाजवतात, अॅपल उणे १६. म्हणजे ऐकणाऱ्याकडे ते साडेपाच डीबी खाली ओढले जाणार, आणि दाबताना मेलेला हलगीचा टोला काही परत येणार नाही. हलगीत जीव असतो तो काडी कातड्यावर पडते त्या पहिल्या क्षणात. लिमिटरने (आवाजाची शिखरे दाबणाऱ्या साधनाने) तोच कापला तर उरतो तो पत्र्याच्या डब्याचा आवाज.

शिवाय शिखर उणे ०.१ वर ठेवले होते. एएसी या दाबलेल्या फाइलीत रूपांतर करून मोजले तर ते शून्याच्या वर गेले आणि कैताळावर चरचर आली. मास्टरिंगला कळवले: गाणे ३ साठी उणे ११ एलयूएफएस, ट्रू पीक (खरे शिखर) उणे १. बाकी गाण्यांत हलगी नाही, तिथे उणे १० चालेल.

२७ फेब्रुवारी

नवे मास्टर आले. लांबी आणि सूर जुळले. वितरकाकडे देण्याआधी प्रत्येक गाणे यूट्यूबवर खासगी म्हणून चढवून तपासणीच्या पायरीवर थांबायचे असते. कुणाचा दावा निघणार असेल तर तो तिथेच दिसतो, आणि गाणे कोणालाही दिसत नाही.

चार गाणी स्वच्छ. गाणे ३ वर दावा: ०:११ ते ०:३२, एका म्युझिक कंपनीचे ध्वनिमुद्रण.

त्या एकवीस सेकंदांत ना हलगी आहे, ना गायिका. आहे ती फक्त गर्दी: ‘चांगभलं’चा गजर, जो खेट्यांच्या रविवारी डोंगरावर जाऊन टिपला होता. गर्दीचा ट्रॅक एकटा काढून, खालचे सूर उचलून, हेडफोनवर ऐकला. खोबरे-गुलालाच्या दुकानावरचा कर्णा. त्यावर जोतिबाचे एक जुने कॅसेटवरचे गाणे चालू आहे, गर्दीच्या खाली, कानाला जेमतेम लागेल इतके. माणसाच्या कानाला नाही लागले, यंत्राला लागले.

‘सात सेकंदांपर्यंत चालते’, ‘मागे ऐकू येत असेल तर चालते’ हे दोन्ही समज खोटे आहेत. कायद्यात सेकंदांची अशी कुठलीही सूट नाही.

२ मार्च

गर्दी नव्याने रेकॉर्ड केली. चौदा माणसे, मोकळे अंगण, दोन माइक, सहा टेक. प्रत्येक टेकला माणसांनी जागा बदलल्या, दोनदा माइककडे पाठ केली. चौदा गुणिले सहा, चौऱ्याऐंशी आवाज. तीन टेक एक-दोन फ्रेम मागेपुढे सरकवले, कारण खरी गर्दी कधीच एका ठोक्यावर ओरडत नाही. कडेला सासनकाठीच्या घुंगरांचा एक ट्रॅक. डोंगरावरच्या आवाजात मोकळ्या हवेचा जो पसारा होता तो नाही आला, हे मान्य. पण हा आवाज आपला आहे.

चित्रपटाच्या मिश्रणातही तोच जुना ट्रॅक आहे. रील ३ चे मिश्रण पुन्हा उघडायला सांगितले. अल्बममध्ये जे चालत नाही ते थिएटरातही चालत नाही, एवढेच की तिथे पकडणारे यंत्र नाही.

४ मार्च

नवे मिश्रण तपासायला चढवले. आधीचा दावा गेला, दुसरा उभा: ०:४१ ते १:०५, ध्वनिमुद्रणाचा नव्हे, चालीचा. म्हणजे ध्रुपद, गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा भाग.

गाण्याच्या कागदावर ध्रुपद ‘पारंपरिक’ असे लिहिलेले. अंतरे गीतकाराचे. कर्ण्यावरच्या त्या गाण्याची मूळ कॅसेट शोधली, जुन्या गाण्यांचा साठा करणाऱ्या एकाकडे ती मिळाली. आतल्या कागदावर स्वच्छ छापले आहे: शब्द पारंपरिक, संगीत अमुक. चाल तंतोतंत तीच आहे. आपल्या संगीतकाराने ती लहानपणापासून यात्रेत ऐकलेली, म्हणून ती परंपरेची धरली. या भागात असे शंभरदा घडते. तीस-चाळीस वर्षे कर्ण्यावर वाजलेली चाल लोकांच्या तोंडी बसली की तिचा बाप कोण हे कुणी विचारत नाही.

शब्द आणि चाल ही दोन वेगळी कुलपे आहेत, आणि ध्वनिमुद्रण तिसरे. शब्द खरोखर परंपरेचे असतील तर मोकळे. चालीला कॉपीराइट रचनाकार हयात असेतोवर आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे. संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले, त्यांच्या चाली २०१५ अखेर मोकळ्या झाल्या. आपल्या कॅसेटचे संगीतकार १९९४ साली गेले. म्हणजे २०५४ अखेरपर्यंत थांबा. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे, पण ते आपण वापरतच नाही आता.

चाल बदलून टाकता येईल का? गाणे चित्रित झाले आहे, नायिकेचे ओठ ध्रुपदावर हलतात, दोन ठिकाणी जवळून. मात्रा तशाच ठेवून सूर बदलता येतात, पण ‘चांगभलं’च्या आधीच्या लांब ताणात तिचा गळा वर चढताना दिसतो. सूर खाली नेला तर पडद्यावर खोटे वाटेल. परवानगी हाच मार्ग.

५ मार्च

मधल्या वेळात पार्श्वसंगीत. पाच गाण्यांचा ऐवज अर्ध्या तासाच्या आत आहे, म्हणून मंचांच्या हिशेबाने तो ईपी ठरतो. सात ट्रॅक किंवा तीस मिनिटे झाली की अल्बम. निर्मात्यांना ‘अल्बम’ हाच शब्द हवा. कराओके आवृत्त्या घालून आकडा फुगवण्यापेक्षा पार्श्वसंगीताचे दोन तुकडे घेतले.

चित्रपटात एकूण २८ तुकडे, त्यातले ११ तीस सेकंदांच्या आत. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजल्याशिवाय ऐकणे मोजले जात नाही, त्यामुळे सुटे तुकडे टाकण्यात अर्थ नाही. जोडून दोन केले, ३:१० आणि २:४५. मिश्रणातला संगीताचा स्टेम (फक्त संगीताचा वेगळा काढलेला ट्रॅक) घेऊन चालत नाही, कारण संवाद आला की संगीत खाली जाते, आणि संवाद काढून टाकल्यावर ते नुसते विनाकारण बुडाल्यासारखे वाटते. मूळ सेशनमधूनच घ्यावे लागते. एका तुकड्याचे सेशन सापडले नाही. त्याचा स्टेम २५ फ्रेमचे संकलन २४ वर नेल्यानंतरचा, म्हणून चार टक्के लांब आणि ०.७ अर्धस्वराने खाली. तो सोडून दिला.

७ मार्च

इचलकरंजी. कॅसेटच्या संगीतकारांचे वारस तिघे: दोन मुलगे, एक मुलगी. मुलगी निपाणीला असते. तिघांच्याही सह्या लागणार. एकाने ‘मी घरचा थोरला’ म्हणून दिलेली सही पुरत नाही. कॅसेट कंपनीची जुनी पावती त्यांच्याकडे जपून ठेवलेली आहे: रेकॉर्डिंगचे पैसे मिळाले, एवढेच. चालीचे हक्क दिल्याचा शब्द नाही. ज्या कंपनीने यूट्यूबवर दावा लावला तिने ध्वनिमुद्रणे विकत घेतलेली दिसतात. चाल तिच्याकडे असल्याचा कागद आम्ही मागितला, उत्तर नाही.

पैशावर फार ताणले नाही. थोरल्यांची अट एकच: “नाव कॅसेटवर आहे तसंच यायला पायजे, आण्णांच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडं नको.” ही अट कराराच्या पहिल्या पानावर घेतली.

परवाना फक्त अल्बमचा घेऊन भागणार नाही. चित्रपट, ट्रेलर, जाहिराती, अल्बम, कॉलरट्यून, सगळे एकाच कागदात. चालीच्या संगीत-वाट्यात ध्रुपदासाठी वारसांना ४० टक्के, आपल्या संगीतकाराला ६०.

११ मार्च

निपाणीहून सही या आठवड्यात येत नाही. १५ मार्च हुकणार. गाणे ३ ची तारीख १२ एप्रिल केली. गुढीपाडवा ९ ला आहे, तो हातचा गेला. यात्रेआधी अकरा दिवस मिळतात, त्यावर भागवायचे.

१३ मार्च

आयएसआरसी. बारा अक्षरांचा क्रमांक: दोन देशाची, तीन नोंदणीदाराची, दोन वर्षाची, पाच अनुक्रमाची. तो गाण्याला नव्हे, ध्वनिमुद्रणाला मिळतो. त्यामुळे गाणे ३ ची अल्बम आवृत्ती आणि चित्रपटातली छोटी आवृत्ती यांना वेगळे क्रमांक, व्हिडिओला आणखी वेगळा. उलट, १२ एप्रिलला एकटे आलेले गाणे १९ ला अल्बममध्ये येईल तेव्हा क्रमांक तोच आणि फाइलही तीच हवी. एक सेकंद जरी कापला तरी ऐकण्याचे आकडे दोन ठिकाणी विभागले जाण्याची भीती. यूपीसी (प्रकाशनाचा क्रमांक) मात्र दोन प्रकाशनांना दोन.

१६ मार्च

गाण्यांचे शब्द. गीतकाराचा टाइपसेटर श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉण्टमध्ये) काम करतो. तसेच चिकटवले तर मंचावर नुसती गिचमिड दिसते. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणले. मग वाचायचे, ओळ अन् ओळ. ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’ झाले होते, रफार तीन ठिकाणी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला होता, आणि एका ठिकाणी ‘दवणा’चा ‘दवाणा’. ध्रुपद, अंतरा अशी शीर्षके काढली, ‘२ वेळा’ काढून ओळ प्रत्यक्ष दोनदा लिहिली, ओळीच्या शेवटचे दंड काढले. हे न केल्यास शब्द परत येतात.

नावांची रोमन स्पेलिंग हा याहून मोठा त्रास. गाणे २ ची गायिका पाटील आडनावाची. आमच्याच तीन कागदांवर तिचे नाव तीन तऱ्हांनी, कुठे एक ए, कुठे दोन. त्याच नावाची दुसरी एक गायिका मंचावर आधीच आहे. फॉर्ममध्ये ‘नवी कलाकार’ असे ठणकावून निवडावे लागते. रकाना मोकळा सोडला की गाणे तिच्या पानावर जाऊन बसते.

मुख्य कलाकार म्हणून अल्बमला संगीतकार, गाण्याला गायक. नायक-नायिकेची नावे अभिनेत्यांच्या रकान्यात. निर्मात्यांना नायकाचे नाव गायकाशेजारी हवे होते. नकार दिला.

२१ मार्च

निपाणीची सही झाली. तिघांचे ओळखपत्र, मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि जुन्या पावतीची प्रत कराराला जोडली.

२२ मार्च

गाणे ३ वितरकाकडे. सोबत वारसांचा परवाना.

२५ मार्च

परत आले. मुखपृष्ठ नामंजूर. डिझायनरने पोस्टरच कापून ३००० बाय ३००० पिक्सेलचा चौकोन केला होता. खाली ‘१० मेपासून सर्वत्र’, कोपऱ्यात इन्स्टाचे चिन्ह आणि क्यूआर. तारीख, सोशल मीडियाची चिन्हे, क्यूआर, किंमत, संकेतस्थळ, यातले काहीही चालत नाही. आणि मुखपृष्ठावरचे शीर्षक व फॉर्ममधले शीर्षक जुळलेच पाहिजे. मुखपृष्ठावर ‘चांगभलं’, फॉर्ममध्ये ‘चांगभले’. फॉर्म सुधारला. कोल्हापुरात ‘चांगभले’ कोण म्हणतो?

उभ्या पोस्टरचा चौकोन करताना नायकाच्या हातातली काठी अर्धी कापली गेली होती. स्थिरचित्रांतून नवे मुखपृष्ठ केले. धुळवडीमुळे डिझायनर दुपारनंतर मिळाला.

२६ मार्च

पुन्हा दिले. मंजूर.

२८ मार्च

पूर्ण अल्बम दिला, सात ट्रॅक. निर्मात्यांना भेट द्यायला ३०० सीडीही हव्या आहेत. त्यासाठी १६ बिट, ४४.१ ची वेगळी फाइल लागते. वेष्टनावर ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे आणि हक्कदाराचे नाव-पत्ता व प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे कलम ५२अ प्रमाणे सक्तीचे. भेटवस्तू म्हणून वाटल्या तरी.

२ एप्रिल

गाणे ३ स्पॉटिफायच्या संपादकांकडे सुचवले. प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी, आणि एका वेळी एकच गाणे सुचवता येते. वर्णनात ‘भक्तिगीत’ एवढेच न लिहिता हलगी, घुमके, कैताळ, चैत्र यात्रा आणि तारीख लिहिली. अॅपल आणि यूट्यूबसाठी वितरकाचा फॉर्म वेगळा.

१२ एप्रिल

रात्री बाराला लागले. सकाळी सगळीकडे तपासले. स्पॉटिफाय, अॅपल, यूट्यूब म्युझिक ठीक. इन्स्टावर गाणे आहे, पण तुकडा गर्दीच्या गजरापासून सुरू होतो आणि हलगी येईपर्यंत रील संपते. सुरुवातीची खूण ०:३३ वर न्यायची विनंती टाकली. फॉर्ममध्ये हा रकाना होता, आम्हीच शून्यावर सोडलेला.

१५ एप्रिल

आपल्याच ट्रेलरवर आपलाच दावा. ट्रेलर प्रसिद्धी करणाऱ्या संस्थेच्या वाहिनीवर आहे आणि वितरकाच्या कंटेंट आयडीने (यूट्यूबवर गाणी ओळखणारी यंत्रणा) त्यावर गाणे ३ ओळखले. जाहिरातीचे पैसे फिरले, व्हिडिओ टिकून आहे. निर्माता, प्रसिद्धी संस्था आणि नायकाची वाहिनी, तिन्ही मोकळ्या यादीत घालायला दिल्या. हे १२ च्या आधी करायचे असते.

जुन्या कंपनीचा चालीवरचा दावाही आला. वारसांचा करार जोडून हरकत घेतली.

१९ एप्रिल

अल्बम आला. सातही ट्रॅक जागेवर, गाणे ३ चे आकडे जुन्यालाच जोडले गेले. गाणे २ गायिकेच्या योग्य पानावर.

२३ एप्रिल

चैत्र यात्रा. डोंगरावर दवण्याच्या दुकानावरच्या स्पीकरवर गाणे ३ चालू होते, त्याखाली लोक सासनकाठ्यांचे व्हिडिओ काढत होते. संध्याकाळपर्यंत लोकांच्या व्हिडिओंवर कंटेंट आयडीचे ४१ दावे आपोआप लागले. धोरण बंदीचे न ठेवता कमाईचे ठेवले होते ते बरे झाले, कुणाचा व्हिडिओ उडाला नाही. सासनकाठी मंडळांच्या तीन वाहिन्यांवरचे दावे हाताने सोडले.

२९ एप्रिल

आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) पाचही गाण्यांची नोंद. गाणे ३ साठी वारसांचे सदस्यत्वाचे अर्ज भरून दिले. तोवर त्यांचा वाटा रोखून ठेवायचा. जुन्या कंपनीने हरकतीला उत्तर दिलेले नाही. मुदत ३० दिवसांची आहे.

थोरल्यांना श्रेय कसे दिसते याचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यांचा लगेच फोन. एका मंचावर आण्णांच्या नावातल्या ‘ळ’चा ‘ल’ झाला आहे. आमच्या फॉर्ममध्ये ‘ळ’च आहे. त्यांच्याकडे रोमनवरून पुन्हा देवनागरी झाली असावी. दुरुस्तीची विनंती टाकली, सोबत कॅसेटच्या कागदाचा फोटो.